आरशावरची वाफ

ऐक ना, मधे बोलू नकोस, आधी नुसतं ऐक. स्पीच थेरपीच्या मॅडमनी मुंगीच्या नाकाखाली छोटा आरसा धरला आणि ताईने डोळेच मिटून घेतले. मुंगी म्हणजे माझी भाची, पावणेदोन वर्षांची. तिची टाळू जन्मापासून मागे फाटलेली. जीभ मागे नेली की मऊ लागतं ना, तिथे. दहाव्या महिन्यात ऑपरेशन झालं. सर्जननी ताईला चित्र काढून दाखवलेलं, की टाळू उचलणारे दोन स्नायू असतात, डावा आणि उजवा, ते मधोमध जुळून झोळी होते. आपण बोलताना ती झोळी वर जाऊन नाकाची वाट बंद करते. मुंगीचे जुळलेलेच नव्हते. ते त्यांनी शिवले. म्हणाले, बोलायला लागली की कळेल, हवा नाकातून निसटत राहिली तर परत टेबलावर घ्यावं लागेल.

झालं. ताईने कुठूनतरी ऐकलं की बोलताना नाकाखाली आरसा धरायचा, वाफ आली की समजायचं हवा निसटतेय. आणि मुंगी फर्माईश केली की एकच शब्द म्हणायची, मामा. मीच शिकवलेला, महिनाभर किल्ल्या वाजवून वाजवून. भाऊजी चिडवायचे, "बापाचा नंबर कधी लागायचा रे?" तर रोज सकाळी मामा, आरसा, आणि वाफ. ताईला घास जाईना. दुसऱ्या ऑपरेशनची तारीखसुद्धा विचारून आली. सर्जन म्हणाले, त्याआधी स्पीच थेरपीच्या मॅडमना दाखवा.

तर तिथेही तेच. मामा म्हणाली, आरसा पांढरा. ताई रडकुंडीला आलेली. मॅडमनी शांतपणे तोच आरसा पुसला आणि ताईच्या नाकाखाली धरला.

"तुम्ही म्हणा, मामा."

ताई म्हणाली. आरसा पांढरा.

"तुमचं कधी झालं ऑपरेशन?"

मग त्यांनी सांगितलं, म म्हणताना झोळी सगळ्यांचीच खाली असते, हवा नाकातूनच जाते. बघायचं तर प नाहीतर ब घ्यायचा. त्यांनी भाऊजींना दाराआड लपवलं. भाऊजी एकदा डोकावले, दोनदा डोकावले, मुंगी खिदळतेय, मॅडम आरसा घेऊन टपलेल्या. तिसऱ्यांदा ते आलेच नाहीत. मुंगी दाराकडे बघत राहिली.

"बाबा?"

आरसा लख्ख. मॅडम म्हणाल्या, स्नायू छान काम करतायत, ऑपरेशनबिपरेशन काही नको, सहा महिन्यांनी आणा. ताई पोतं टाकल्यासारखी खुर्चीत बसली. भाऊजींनी आरसा हातात घेतला आणि रुमालाने पुसत राहिले. पुसायला काही नव्हतंच त्याच्यावर.

निघताना मॅडमनी सहज विचारलं, रोज तपासायला तो मामा शब्द काढला कोणी? माझे कान गरम झाले. अरे, तीन महिने ताई धड जेवली नव्हती, आणि ते माझ्या हौसेपायी.

ताईने माझ्याकडे बघितलंही नाही.

"मीच," ती म्हणाली. "मला दुसरं काही सुचलंच नाही."

आणि हसली रे, इतक्या दिवसांनी. मी मुंगीला उचलून कडेवर घेतलं. तू असतास तर बोलला असतास तिथे?