पंडितजींच्या आवडीचं ताट

या, अशा जवळ या. त्या टांगलेल्या झोळीत पडून ऐकू नका, झोप लागेल. इथे बाकावर, माझ्या शेजारी बसा. एका गाणाऱ्या माणसाची गोष्ट सांगते. गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते. आणि तिच्यात मी होमासमोर एक खोटं बोलले आहे, तेही लपवणार नाही.

आमच्या गल्लीत तेव्हा चाळीस घरं, सगळी उसाच्या मळ्यांसाठी बोटीतून या बेटावर आलेल्यांची. दर अंगणात पूजेच्या झेंड्यांचे बांबू, आणि सगळ्यांचे पंडित एकच, सिवनाथ. कथेला बसले की मांडीशी हार्मोनियम, उजवीकडे ढोलक, डावीकडे लोखंडी दांडीचा धनताल. पोथीतल्या दोन ओळी गायचे, थांबून बोलायचे, बोलता बोलता पुन्हा कधी सुरात शिरले ते कळायचंही नाही. वनवासाला निघालेल्या मुलाच्या आईपाशी आले की शेवटचा सूर असा लांबवायचे, की बायका ओढणीत तोंड लपवायच्या आणि रमच्या दुकानातून उठून आलेले पुरुष छपराकडे बघत बसायचे. मी सात वर्षांची असल्यापासून पहिल्या रांगेत. देव मला डोळ्यांनी कधी दिसला नाही, पण त्या सुरात तो आहे याबद्दल मला कधी शंका आली नाही.

गेलेल्या माणसाच्या तेराव्याला पंडिताने जेवायचं, आणि गेलेल्याला जे आवडायचं तेच जेवायचं. पंडिताच्या पोटात पडलं की ते तिकडे पोचतं. नाही म्हणायची सोय नाही. पंडिताने ताट सरकवलं म्हणजे आपलं माणूस उपाशी गेलं.

त्या वर्षी आमच्या गल्लीतले पाच पुरुष गेले. एकही पंचावन्नच्या पुढचा नव्हता, आणि पाचही जण छातीवर हात ठेवून गेले. पाचवा माझा नवरा, जगरू. उसाच्या मळ्यात ट्रॅक्टरच्या चाकावर डोकं टेकवून बसला होता. मागच्या माणसांना वाटलं डुलकी घेतोय. हाका मारून दमले, मग कुणीतरी खांद्याला हात लावला.

तेराव्याच्या सकाळी मी चुलीपुढे होते. पंडिताइन आली, पंडितजींची बायको फुलमती. एरवी ती कुणाच्या स्वयंपाकघरात पाय ठेवत नसे.

"सुखदई, बाकीच्यांना जरा बाहेर पाठव गं."

मदतीला आलेल्या शेजारच्या बसमतीने भांडी आपटली. "आम्ही काय मीठ चोरतोय का, पंडिताइन?" असं म्हणत ती गेली, पण दाराआडच उभी राहिली.

फुलमतीने मोहनभोगाच्या कढईत पाहिलं. दुधातल्या शिऱ्यासारखा, मनुकांचा, वर बोटभर तूप तरंगणारा. शेजारी पातळ पापुद्र्यांचे पराठे, तुपात भिजून पारदर्शक झालेले. तूप म्हणजे डब्यातलं, वनस्पती. लग्नाला, पूजेला, मयताला आम्ही तेच आणायचो. डब्यावर गाईचं चित्र होतं, त्यामुळे ते शुद्ध असणारच असं वाटायचं.

"सान फर्नांडो शहरातल्या डॉक्टरकडे नेलं होतं त्यांना," ती म्हणाली. "छातीच्या नळ्या तुंबल्यात म्हणे. हे तूप बंद करा म्हणाला. तुपातलं तळण बंद, नारळाचं दूधही कमी. डब्यातलं तूप तर सगळ्यात वाईट, म्हणाला. ते थिजल्यावर कढईला बसतं ना, तसं आत बसत जातं, बाई."

"मग घरी बंद करा ना."

"घरी केलंच आहे. भोपळा उकडून घालते, तोंड वाकडं करत गिळतात. पण बाहेर? या वर्षी पाच तेरावे, सुखदई. पाचही जणांना हेच आवडायचं." मग ती म्हणाली, "कथेत तू सगळ्यांत पुढे बसतेस. त्यांचा सूर हल्ली मधेच तुटतो, ते तुला ऐकू येत नाही?"

येत होतं. वर्षभर ऐकत होते. सूर तुटायच्या आधीच ते हात उंचावून म्हणायचे, "आता तुम्ही म्हणा!" लोक म्हणायचे, आणि तेवढ्यात ते श्वास भरून घ्यायचे. मला वाटलं वय झालं.

पण त्या सकाळी माझा जगरू जाऊन तेराच दिवस झाले होते. मी म्हटलं, "पंडिताइन, पंचवीस वर्षं त्याला मी पोटभर वाढलं. आज शेवटचं. आज हात आखडू?"

तिने कढईवर झाकण ठेवलं. मी ते काढलं.

पंडितजी बसले. मी केळीसारख्या रुंद सोहारीच्या पानावर वाढलं. पहिला घास घेऊन त्यांनी डोळे मिटले. "जगरू, बदमाशा, रोज हे खायचास होय रे?" सगळे हसले, मीही हसले, तेरा दिवसांत पहिल्यांदा. मी पुन्हा वाढलं. फुलमती दारात उभी होती. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पान पुढे केलं. असं तीनदा वाढलं मी.

पुढच्या महिन्यात, शिवरात्रीच्या कथेत, त्या आईपाशीच सूर तुटला. हात उंचावला, पण "आता तुम्ही म्हणा" आलं नाही. आम्हाला सवयच होती. आम्ही म्हणत राहिलो, टाळ्या वाजवत. ते हार्मोनियमवर वाकले. भाता दाबला गेला आणि एक स्वर आपोआप वाजत राहिला. उठून त्यांच्याकडे धावली ती एकटी फुलमती. बाकी आम्ही अख्खं कडवं संपवलं.

डॉक्टरला मीच विचारलं. तो म्हणाला, "एका ताटाने असं होत नाही, मावशी. हे तीस वर्षांचं काम आहे." चांगला होता बिचारा. पण तीस वर्षांतली किती ताटं माझ्या हातची होती, हे त्याला ठाऊक नव्हतं.

मग पंडितजींचा तेरावा आला. गल्लीने तुपाचे डबे आणून ओसरीवर रचले. जेवायला बसणार होते गल्लीचे नवे पंडित हेमराज, बत्तीस वर्षांचे, गोलमटोल, गळा मधासारखा. त्यांची बायको पोटुशी, मागे खुर्चीवर बसलेली. फुलमतीने कुणालाही चुलीजवळ येऊ दिलं नाही. डबे तसेच राहिले.

तिने पान वाढलं. भात, साधं वरण, उकडलेला भोपळा, लिंबाची फोड. बस.

मंडपात कुजबुज झाली. बसमती मोठ्यानेच म्हणाली, "अगं बाई! हे काय इस्पितळातलं जेवण? तो माणूस जन्मभर तुपात न्हाला!"

हेमराजांनी पानाकडे पाहिलं. त्यांना वाईट वाटलं असावं. स्वतःच्या जेवणाचं नाही, गेलेल्या माणसाचं. हळूच विचारलं, "माई, पंडितजींना खरंच हे आवडायचं? विधी आहे म्हणून विचारतो. होम पेटलाय."

"हेच आवडायचं," फुलमती म्हणाली.

"सगळ्यांनी बघितलंय काय आवडायचं ते!" बसमती म्हणाली. "सुखदईच्या घरी तीनदा मागून घेतलं. विचारा तिला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. फुलमती पाहत नव्हती. तिची नजर हेमराजांच्या बायकोकडे होती. वाढायचा डाव तिने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

मी देवाला भिणारी बाई आहे. होमातला धूर माझ्याच अंगावर येत होता.

"भोपळाच आवडायचा," मी म्हटलं. "माझ्याकडे मोहनभोग खाल्ला तो माझं मन राखायला. मला स्वतः सांगितलं होतं त्यांनी."

हेमराजांनी पाणी फिरवून घास घेतला.

नंतर मी मागच्या अंगणात गेले. फुलमती कढई घासत होती. कढईला काहीच लागलेलं नव्हतं, तरी घासत होती.

"उपाशी पाठवलं गं मी त्यांना," ती म्हणाली. "तिकडे पान बघितल्यावर काय म्हणाले असतील? म्हणाले असतील, हिने इथेही भोपळाच घातला." असं म्हणून ती हसली आणि हसता हसता तिथेच चुलीच्या राखेत बसली. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. उजेड गेला तरी आम्ही तशाच होतो.

वर्षश्राद्धाला मी हेमराजांना सांगितलं, माझ्या जगरूलाही भोपळाच आवडायचा. आणखी चार-पाच घरांतल्या पुरुषांना मेल्यावर भोपळा आवडायला लागला. सगळ्यांच्या नाही. बसमतीच्या घरी अजून बोटभर तूप तरंगतं, आणि हेमराज ते खातात. नाही कसं म्हणतील? गेल्या कथेत त्यांनी हात उंचावला. "आता तुम्ही म्हणा!" मी म्हटलं नाही. मी ऐकत राहिले, त्यांचे श्वास मोजत.

फुलमती गेली त्याला आता सहा वर्षं झाली. त्या दिवसानंतर तिने कधी मोहनभोग केला नाही. देवाला नैवेद्यही केळ्याचाच दाखवायची.

तुम्ही घरी जाल. सणाला तुमच्याकडे गोडाचं होईलच. तेव्हा एक चमचा पानाच्या कडेला काढा, चांगलं तूप सुटलेला. तो खाऊ नका आणि कुणाला वाढूही नका. तसाच ठेवा, आणि पंडित सिवनाथांचं नाव घ्या. म्हणा, फुलमतीने पाठवलंय, उशीर झाला.