दोन व्याही आणि मधली मी

थांबा. माझ्या मिशा पाहून मला 'अहो, नावबुवा' म्हणू नका. मी बाईमाणूस आहे. आसगावची शर्यतीची नाव. मिशा ही कैलाश सुताराची हौस.

त्याचं असं झालं. आमचा निकेश पुण्याला नोकरी करतो. एका होळीला तो गावी आला आणि पारावर बसून त्यानं सगळ्यांना मोबाईलवर शर्यती दाखवल्या. तिकडे चीनकडे होतात तशा. लांबच लांब नाव, दोन रांगांत वल्ही मारणारी माणसं, पुढे ढोल, मागे सुकाणू आणि टोकाला ड्रॅगनचं तोंड.

"धरणाचं एवढं पाणी फुगलं हाय आपल्याकडं," निकेश म्हणाला. "पाडव्याले आपण बी करू ना शर्यत! पल्याडचं गाव तयारच हाय."

मला बांधलं धनीरामनं. पूल होण्याआधी तो माणसं नदीपार करायचा. पूल झाला, नाव कुजली आणि धनीराम शेतावर गेला, पण त्याच्या हाताला लाकडाची खाज होतीच. त्यानं सागाच्या फळ्या जोडल्या, फटींत डांबर भरलं आणि मला अंगापिंडानं उभं केलं. तोंड मात्र कैलाशकडे गेलं. कैलाशनं ड्रॅगन एकदाच पाहिला होता, तोही निकेशच्या फुटक्या काचेच्या मोबाईलवर. त्यामुळे मला शिंगं म्हशीची आली, दात मगरीचे आले, आणि उरलेल्या जागेत काय घालावं हे न सुचल्यानं त्यानं स्वतःच्या मामाच्या मिशा घातल्या.

"हा डेगन होय का?" बायकांनी विचारलं.

"डेगनच होय," कैलाश म्हणाला. "भंडाऱ्याकडचा."

पाडव्याच्या सकाळी धनीरामच्या बायकोनं, सुलोचनाबाईनं, माझ्या डोळ्यांत काजळ घातलं. तिकडेही म्हणे शर्यतीआधी रंगानं डोळे उघडून ड्रॅगनला जागं करतात. मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. पिवळी सकाळ, काठावर मोहफुलं वेचणाऱ्या पोरी, आणि माझ्या ढोलापाशी बसलेला भैय्यालाल.

भैय्यालालचं किराणा दुकान. गावातला एकुलता एक मोठा ढोल त्याच्या घरचा, आणि तो कोणाला हात लावू देत नसे. म्हणून पुढे तो. सुकाणू धरणं एकट्या धनीरामला जमत असे, म्हणून मागे तो. ढोलवाल्यानं वल्हेकऱ्यांकडे तोंड करून बसायचं असतं आणि सुकाणूवाल्यानं पुढे पाहत उभं राहायचं असतं. म्हणजे दोघं माझ्या दोन टोकांना, पण समोरासमोर. त्या वर्षी दोघं जिवलग होते. आम्ही जिंकलो, आणि जिंकण्याच्या भरात माझ्या पोटात बसूनच त्यांनी धनीरामचा मनिष आणि भैय्यालालची रेणू यांचं लग्न ठरवून टाकलं.

तिथंच घोटाळा झाला.

वैशाखात लग्न लागलं. पंगतीत धनीराम सहज बोलला, "वांग्याच्या भाजीत मीठ कमी हाय जी." सहज बोलला, पण मोठ्यानं बोलला. भैय्यालालनं ऐकलं. संध्याकाळी पाठवणीच्या सामानात कपाट होतं, भांडी होती, गादी होती आणि दुकानातलं मिठाचं अख्खं पोतं होतं. पोत्याला हार घातलेला.

त्या दिवसापासून व्याही व्याह्याशी बोलेना. दोन्ही घरांच्या मध्ये एक देऊळ आणि एक पानठेला, इतकंच अंतर. सुलोचनाबाई आणि शकुनबाई, म्हणजे रेणूची आई, हापशीवर तासन् तास बोलायच्या. पण पुरुषांचं काही मिटेना.

पुढच्या फाल्गुनात रेणूला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी. बापानं येऊन लेकीला न्यायचं.

"बोलावणं आल्याशिवाय त्याच्या दारात पाय ठेवणार नाही," भैय्यालाल म्हणाला.

"नेणाऱ्यानं यावं. बोलावू कायले?" धनीराम म्हणाला.

रेणू खमकी. "आई येते म्हणते न्यायले, पण मी नाही जात. बाबा आले तरच जाईन," तिनं सांगून टाकलं. आणि बसली. दिवस जात राहिले.

अशात पाडवा जवळ आला आणि मला पुन्हा पाण्यात सोडलं. ढोल एकाकडेच, सुकाणू एकालाच येतं. आता त्या वर्षीचा सराव ऐका. दोघांना एकमेकांकडे बघत बसणं भाग होतं आणि बोलायचं तर नव्हतं. मग निरोप माझ्या पोटातून, वीस तोंडांमधून जायचा.

धनीरामनं मागून शेवटच्या वल्ह्यावरच्या पिंटूला सांगितलं, "त्याले सांग, ढोलाचा जोर कमी." पिंटूनं पुढच्याला, त्यानं त्याच्या पुढच्याला. ढोलाजवळच्या वल्ह्यावरच्या प्रितमपर्यंत निरोप पोचला तो असा: "ज्वारी कमी."

"ज्वारी कमी?" भैय्यालाल लालबुंद झाला. "माझ्या दुकानातली? त्याले सांग, माझा काटा खरा हाय!"

निरोप परत निघाला. वल्ह्यांचा खळखळाट, वारा. धनीरामच्या कानी पडलं, "काटा बरा हाय का?"

धनीरामनं वाकून आपले दोन्ही तळपाय पाहिले. "मले कुठं काटा लागला? विचारपूस करून राहिला म्हणजे याच्या मनात काहीतरी शिजून राहिलं."

मी लाकडाची. हसता येत नाही. पण त्या दिवशी माझ्या दोन-तीन फळ्या करकरल्या, त्या उगाच नाही.

पाडव्याला काठ माणसांनी भरून गेला. पल्याडच्या गावाची नाव आली. तिच्या टोकाला मोर होता, नाजूक आणि देखणा. माझ्या मिशा पाहून ती माणसं खूप हसली. शिट्टी झाली आणि भैय्यालालनं असा ढोल घुमवला की हसणं जागच्या जागी राहिलं. रागावलेला माणूस ढोल फार छान वाजवतो. आम्ही मोराच्या पुढे गेलो. अर्ध्या नावेनं, मग पुऱ्या नावेनं.

आणि धनीरामला खुंट दिसला. धरणात बुडालेल्या जुन्या बाभळीचा, पाण्याच्या जेमतेम वर, बरोबर माझ्या छातीसमोर. सुकाणू वळवायला वेळ नव्हता. वल्ही थांबायला हवी होती, आणि वल्ही फक्त ढोलाचं ऐकतात.

"पिंटू, त्याले सांग, ढोल थां..."

पिंटूनं मान वळवून विचारलं, "काय म्हटलं जी?"

धनीरामनं एकदा पिंटूकडे पाहिलं, एकदा खुंटाकडे पाहिलं. मग छाती भरून ओरडला, "ओ इवाई! ढोल थांबवा!"

आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. वर्ष होत आलं होतं, हा शब्द भैय्यालालनं ऐकला नव्हता. टिपऱ्या हवेतच राहिल्या. वीस वल्ही थांबली. मी घसरत गेले आणि खुंटाला नुसती मिशी लागली. वाचले मी.

पण भैय्यालाल उठून उभा राहिला.

"मले म्हटलं का तुमी?"

"तुमाले नाही त कोणाले? खाली बसा!"

"आधी सांगा, इवाई म्हटलं ना?"

"म्हटलं! बसा ना बाप्पा!"

बसतो कसला. तो ढोल ओलांडून व्याह्याकडे निघाला. एक पाय प्रितमशेजारच्या धम्मदीपच्या मांडीवर, दुसरा प्रितमच्या खांद्यावर. मी सागाची असले तरी मलाही मर्यादा आहे. मी कलंडले. ढोल, वल्ही, माणसं, सगळं पाण्यात.

"बुडलो! बुडलो!" ढोलाला मिठी मारून भैय्यालाल ओरडत होता. धनीराम पाणी कापत त्याच्याजवळ गेला आणि त्याचं बखोट धरलं.

"पाय टेका, इवाई. पाणी छातीइतकंच हाय."

भैय्यालालनं पाय टेकले. खरंच छातीइतकंच होतं. मग भैय्यालाल म्हणाला, "तुमी पयले बोलले."

"ते नावेसाठी बोललो."

"कायसाठी बी असो. बोलले ना? सगळ्यायनं ऐकलं."

काठावरून आवाज आला. रेणू, कमरेवर हात ठेवून. "झालं का दोघायचं? मले कोण नेते ते ठरवा, नाहीतर मीच येतो आता पाण्यात!"

"नको!" दोघं एका दमात ओरडले. ढोलाशिवाय इतका ताल त्यांना कधी साधला नव्हता.

"उद्या येतो न्यायले," भैय्यालाल पुटपुटला.

"उद्या कायले? आजच या," धनीराम म्हणाला. आणि जरा थांबून, "पण कपडे बदलून या."

तोवर मोराची नाव शर्यत जिंकून, परत फिरून, आमची वाहून गेलेली वल्ही गोळा करून देत होती.

ज्येष्ठात रेणूला मुलगी झाली. गुंजन. आज पुन्हा पाडवा आहे. माझ्या एका फळीला चीर गेली होती, ती डांबरानं बुजवली आहे. मिशीचं टोक गेलं ते गेलं. मी पाण्याच्या कडेला तयार उभी आहे, वीस जण घाम पुसत माझ्यात बसले आहेत, आणि ते दोघं अजून काठावरच आहेत. गुंजनला कोणी घ्यायचं यावरून त्यांचं चाललंय.

"तुमी ढोल वाजवा, पोरीले मी घेतो."

"आणि सुकाणू काय दातानं धरता?"

शेवटी शकुनबाईनं पोरगी ओढून घेतली, तेव्हा ते चढले. आता वाटलं निघू. पण एकदा बोलायला लागलेली माणसं थांबतात थोडीच! वीस डोक्यांवरून चालू आहे.

"इवाई, टोपी घाला जी, ऊन लागते!"

"घातली! तुमी पाणी पेले का?"

"पेलो! ते मागच्या मंगळवारचं राहिलंच सांगायचं..."

शिट्टी होऊन गेली, मंडळी. मोर निघूनसुद्धा गेला. टिपऱ्या भैय्यालालच्या काखेत आहेत आणि निकेश डोक्याला हात लावून बसलाय. तुम्ही काठावर असाल तर माझ्यासाठी एवढं करा, या दोघांना आणखी काही विचारू नका. नुसतं मागून येऊन मला एक धक्का द्या. अरे, कोणीतरी ढकला रे मला!