यमकावर परत येणारा पाळणा

मी घोडपदेवच्या एका चाळीतला जुना सागवानी पाळणा आहे. हलताना थोडा कुरकुरतो. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, ती तक्रार नाही. वय झालं की सगळेच कुरकुरतात.

माझ्या फळ्या रे रोडच्या वखारीतल्या. धोंडू सुतारानं त्या खांद्यावरून आणल्या आणि आपल्या पहिल्या लेकरासाठी मला घडवलं. त्याची बायको सुंदराबाई कठड्यावरून हात फिरवून बघायची आणि म्हणायची, "अजून घास. बाळाचा हात लागणार आहे." धोंडू तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा आणि पुन्हा घासायला बसायचा. त्या घासण्यामुळेच आजपर्यंत एकाही बाळाला माझं कुसळ लागलेलं नाही.

धोंडूची मुलं मोठी झाली, पण मला आराम कुठला! चाळीत बाळ जन्मलं की चारजण येऊन मला उचलून न्यायचे. बारशाला सुंदराबाई नवं गाणं रचायच्या, दर बाळाचं वेगळं. घरातल्या प्रत्येक माणसाला त्यात एक कडवं मिळायचं आणि मोठ्या भावंडाचा मान सगळ्यात आधी. कडव्याचा शेवटचा शब्द मात्र सुंदराबाई एकट्या म्हणायच्या नाहीत. तो जमलेल्या सगळ्या बायकांनी एकदम म्हणायचा. पाठ कुणालाच नसायचं. आधीच्या ओळी ऐकल्या की यमक आपोआप ओठांवर यायचं.

मला कवितेतलं काही कळत नाही. मला झोका कळतो. ओळ सुटली की मी दूर जातो, यमक आलं की दोरी ओढली जाते आणि मी परत येतो. त्यामुळे कुठल्या यमकानं माणसाचं काय होतं, ते मी अंगानं शिकलो आहे. थट्टा करायची तर यमक चपखल बसवायचं. "मामा आला ऐटीत, टोपरं विसरला पेटीत" म्हटल्यावर मामासुद्धा हसायचा. रडक्या पोरासाठी एकाच ओळीत दोनदोनदा यमक यायचं. "चिऊ आली भिऊ भिऊ, काऊ म्हणे खाऊ खाऊ." दोरीला आखूड आखूड हिसके बसायचे आणि पोर रडायचं विसरायचं.

एका बाळाचा बाप बोटीवर नोकरीला होता. त्याच्या कडव्यात सुंदराबाईंनी म्हटलं, "बाबांची बोट दूर दूर, दारात उमललं फूल." एक शेजारीण म्हणाली, "अहो, हे नीट जुळत नाही." सुंदराबाई म्हणाल्या, "माणूस घरात नाही. मग यमक तरी पुरतं कसं जुळेल?" त्या बाळाच्या आईनं पदर डोळ्यांना लावला आणि तेच कडवं पुन्हा म्हणायला लावलं.

पुढे धोंडू गेला, सुंदराबाईही गेल्या, आणि मी शेजारच्या राधाबाईंकडे कायमचा राहिलो. त्यांचा मुलगा स्वप्नील आणि मुलगी चैत्राली माझ्यातच वाढले. स्वप्नीलचं लग्न झालं, मेघना घरात आली आणि त्यांची पहिली मुलगी माझ्यात निजली. तिचं नाव रेवा. आत्या म्हणून चैत्रालीनं तिच्यासाठी माझ्या कठड्याला काळ्या-पांढऱ्या मण्यांची माळ बांधली होती. रेवा त्या माळेकडे बघून हसायची.

रेवा फार दिवस राहिली नाही. तापाचं निमित्त झालं, इस्पितळात नेली, आणि मेघना रिकाम्या हातांनी परत आली.

त्याच आठवड्यात राधाबाईंनी मला जुन्या चादरीत गुंडाळून पोटमाळ्यावर ठेवलं. घरात रेवाचं नाव घेणं बंद झालं. राधाबाईंनी सगळ्यांना बजावलं होतं, "मेघनासमोर विषय काढू नका, पोर कोसळेल." खरं सांगतो मित्रांनो, यात दुष्टावा कुणाचाच नव्हता. सगळे तिला जपत होते. पण दुपारी घरात कुणी नसलं की मेघना पोटमाळ्याच्या शिडीवर चढायची आणि चादरीवरून माझ्यावर हात ठेवून, हळूच तेच नाव घ्यायची. ते फक्त मला ऐकू यायचं. तिला वाटत होतं, बाकीचे विसरले. मला बोलता येत असतं तर मी तेव्हाच बोललो असतो.

यंदा मेघनाला मुलगा झाला. राधाबाई म्हणाल्या, "तो पाळणा नको गो. नवीन मागवू."

"तोच काढा," मेघना म्हणाली. 

गाणं रचायचं काम चैत्रालीकडे आलं. ती परळच्या एका ऑफिसात तेला-मसाल्याच्या जाहिरातींची गाणी लिहिते. बारशाच्या आदल्या दिवशी तिनं मोबाइलवर लिहिलेलं गाणं मला रिकामाच हलवत म्हणून दाखवलं. आजी, आजोबा, मामा, काका, सगळे आले. एकूण एक यमक खटाखट बसलं. मेघना दुपट्यांच्या घड्या घालत ऐकत होती.

"छान झालंय," ती म्हणाली. "जाहिरातीसारखं. घरातले सगळे आलेत."

'सगळे' म्हणताना तिचा आवाज बदलला. ती उठून आत गेली.

 चैत्रालीची नजर कठड्यावरच्या मण्यांच्या माळेकडे गेली. मोठ्या भावंडाचं कडवं गाण्यात नव्हतं. तिनं ते लिहायला घेतलं. नाव लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. "भर बारशात वहिनीसमोर मी कसं म्हणू?" असं ती स्वतःशीच म्हणाली. मी नुसता कुरकुरलो.

बारशाला खोली बायकांनी भरून गेली. बाळ माझ्यात होतं. चैत्रालीनं दोरी धरली आणि पहिलंच कडवं सुरू केलं:

"आजीनं दिला सुकामेवा,
आजोबांनी जपला जुना ठेवा,
या पाळण्यात तुझ्याआधी
हसून गेली…"

ती थांबली. शेवटचा शब्द बायकांचा असतो. सगळ्यांचे ओठ हलले, कारण कुठला शब्द यायचा ते प्रत्येकीला ठाऊक होतं. पण आवाज एकीचाही निघाला नाही. मी दूर गेलो होतो. चैत्रालीनं दोरी ओढलीच नाही, मी तिकडेच रेंगाळलो. आदल्या रात्री माझ्यापाशी पुटपुटत तिनं ठरवलं होतं, वहिनीला नाव घ्यायचं नसेल, तर हे कडवं सोडून दुसरं धरायचं. मला बाळाचं वजन जाणवत होतं, आणि मी फार घाबरलो होतो.

"रेवा," मेघना म्हणाली.

मग तिनं मान वर केली. "रेवा. त्याची ताई आहे ती. मला वाटलं, तुम्ही सगळे विसरलात."

"कशी विसरेन गो?" राधाबाई म्हणाल्या आणि त्यांचा बांध फुटला. "तुला त्रास होईल म्हणून मी तोंड शिवून बसले. रोज आठवते गो मला. रेवा माझी!" दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. स्वप्नील दाराबाहेर उभा होता, तो आत आला. मग बायकांनी ते कडवं पहिल्यापासून म्हटलं, शेवटच्या शब्दासकट, मोठ्यानं. चैत्रालीनं दोरी ओढली आणि मी बाळाला घेऊन परत आलो. त्याचं नाव स्वरूप ठेवलं.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी पोटमाळ्यावर पडलं असेल, तर त्याला खाली काढा, पुसा, वापरा. आणि ते ज्याचं होतं त्याचं नाव घ्या. समोरचं माणूस रडेल म्हणून गप्प राहू नका. ते एकटं बसून रडतच असतं.

आता रोज संध्याकाळी मेघना मला हलवते. पहिलं कडवं ती "हसून गेली" पर्यंतच म्हणते आणि दोरी धरून थांबते. आतून भाकरी थापण्याचा आवाज क्षणभर बंद होतो, आणि राधाबाई शेवटचा शब्द म्हणतात.