रविवारचा काळा नकाब

धर्मराज जाऊन सहा वर्षं झाली, त्या उन्हाळ्यात द्वारकाबाईच्या ध्यानात आलं की आपल्याला नवऱ्याचा चेहरा आठवत नाही.

बाकी सगळा माणूस आठवत होता. दारातून आत येताना वाकायची त्याची तऱ्हा, पाठीला येणारा तेलाचा वास, कुस्तीत चेचून फुटलेला एक कान, अख्खी भाकरी हातात धरून खायची सवय. पण चेहऱ्यापाशी आलं की सगळं पुसून जायचं. घरात फोटो नव्हता. लग्न एक्याऐंशी सालचं, पिंपळगाव रेणुकाईला देवीच्या देवळापुढं लागलेलं. तिथं फोटोवाला कुठून येणार? मतदानाच्या कार्डावर जो छापून आला तो इतका काळा, की हा धर्मराज आहे का दाराची फळी, हे सांगता येत नव्हतं. कार्ड आलं त्या दिवशी दोघं त्याच्यावर पोट धरून हसली होती. खरा फोटो एकच होता, खांद्यावर गदा घेतलेला, आणि तो परतूरच्या तालमीत भिंतीवर टांगलेला असायचा. तोही आता नव्हता.

मग तिला टीव्ही आठवला.

परतूरला केबल आली तेव्हाची गोष्ट. मोंढ्याजवळच्या रामकिसननं गल्लोगल्ली वायरी ओढल्या आणि संध्याकाळचा स्वतःचा एक चॅनल चालवायला घेतला. त्यावर आधी आरत्या, वाढदिवस आणि साडीच्या दुकानांच्या जाहिराती लागायच्या. मग त्याच्या डोक्यात फ्री स्टाइल कुस्त्यांचं खूळ शिरलं. परदेशातले उघडेबंब राक्षस एकमेकांच्या टाळक्यात खुर्च्या घालताना लोक डोळे फाडून बघतच होते; मग आपल्याकडं काय पैलवानांचा तोटा? बंद पडलेल्या एका जिनिंगच्या आवारात त्यानं फळ्यांचा चौथरा बांधला, वर सरकीची पोती अंथरून ताडपत्री ताणली, चार कोपऱ्यांना बल्ल्या रोवून बैलगाडीचे दोर आवळले. शनिवारी दुपारी शूटिंग, रविवारी संध्याकाळी कार्यक्रम. पुकारायला मोंढ्यात लिलाव बोलणारा इब्राहीम. तो कुस्तीसुद्धा लिलावासारखीच बोलायचा. एक बार, दो बार, आणि तीन बार म्हटलं की वर उचललेला पैलवान दाणकन खाली यायचा.

धर्मराज तेव्हा चाळिशीला टेकला होता. जत्रेतल्या कुस्त्या सुटल्या होत्या. दिवसा दुसऱ्या एका जिनिंगवर कापसाच्या गाठी उचलायचा. पण पहाटे तालमीत जाणं सुटलं नव्हतं. रखमाजी वस्ताद थकले होते, पोरांना डाव आता धर्मराजच सांगायचा. रामकिसन त्याच्याकडं आला तो एक सोंग घेऊनच. त्याला काळा नकाब नावाचा एक दुष्ट पैलवान पाहिजे होता. पंचाला ढकलणारा, समोरच्याच्या डोळ्यांत माती फेकणारा आणि शेवटी दर रविवारी मार खाऊन हरणारा. धर्मराजला गंमत वाटली. त्यानं एकच अट घातली, की नकाब कधीच उतरायचा नाही. ठरवून हरणं म्हणजे नुरा कुस्ती, आणि रखमाजी वस्तादांच्या तालमीत नुरा करणाऱ्याला पाऊल टाकता येत नव्हतं.

नकाब द्वारकाबाईनंच शिवला, जुन्या काळ्या परकराचा.

काय दिवस होते ते. रविवारी दिवेलागणीला रस्ते ओस पडायचे. इब्राहीमच्या घरी मोठा टीव्ही होता, त्याची बायको मैमूना गल्लीतल्या बायांसाठी सतरंजी टाकून ठेवायची. काळा नकाब आला की बाया बोटं मोडायच्या. शेजारची सगुणाबाई तर पदर खोचून पुढं सरकायची आणि त्याच्या सात पिढ्या उकरून काढायची. बायांना ते सगळं खरंच वाटायचं. गप्प बसावं तर संशय यायचा, म्हणून द्वारकाबाईही शिव्या घालायची, आणि मैमूना, जिला इब्राहीमकडून सगळं ठाऊक होतं, तोंडात ओढणी कोंबून हसू दाबायची.

रात्री धर्मराज जेवायला बसला की विचारायचा, "आज काय काय घातल्या?"

"दोन डाव मढं बशिवलं तुमचं."

"बास? मागल्या रविवारी तर तीनदा बशिवल्तं."

दोन वर्षं असं चाललं. पुढं अंकुशनगरकडचा एक तरणा पैलवान आला. साखर कारखान्यावरची माणसं ट्रॅक्टर भरभरून त्याच्या पाठीमागं यायची. एका शनिवारी त्या माणसांनी नकाब काढ, नकाब काढ असा कल्ला धरला, पोरगा पेटला आणि धर्मराजला खाली दाबून त्यानं मानेमागची नाडी तोडली. जे ठरलं नव्हतं ते झालं. धर्मराज दोरांखालून निसटून पळाला. आवारात धूळ उडालेली, माणसं अंगावर आलेली, कुणाला धड काही दिसलं नाही. तसाच तो रामकिसनकडं गेला, तेवढा तुकडा कापून टाका म्हणाला. रामकिसननं त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं की बिलकुल कापतो, घोर लावून घेऊ नको.

रविवारी त्यानं तो तुकडा दाखवला. नुसता दाखवला नाही, पुन्हा पुन्हा, सावकाश करून दाखवला.

 मैमूनाच्या घरात सगुणाबाईनं हळूच मान वळवून द्वारकाबाईकडं बघितलं, मग दुसरीनं, मग सगळ्यांनी. दोन वर्षं तिनं आपल्याबरोबर बसून आपल्याला येड्यात काढलं, हे प्रत्येकीच्या तोंडावर दिसत होतं. द्वारकाबाई उठली आणि घरी आली. त्यानंतर तिच्याबरोबर पाण्याला कोणी आलं नाही, एक मैमूना सोडली तर.

दुसऱ्या दिवशी पहाटे धर्मराज रोजच्यासारखा तालमीत गेला. तिथं काय झालं ते त्यानं घरी एकदाच सांगितलं. रखमाजी वस्ताद उंबऱ्यातच बसले होते. धर्मराजनं पाय धरले, ते कुस्ती नव्हती, तमाशातल्यासारखं सोंग होतं म्हणून विनवलं. वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं, रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "धर्मराज, ह्या मातीत हरलेल्याला जागा हाये. इकलेल्याला न्हाई."

आत भिंतीवर फोटोच्या जागी नुसता खिळा होता. फोटो वस्तादांनी दुधना नदीच्या पाण्यात सोडला होता.

माणूस असा विझतो हे द्वारकाबाईला माहीत नव्हतं. दारू नाही, भांडण नाही. त्यानं रात्रपाळी मागून घेतली, कोणी भेटू नये म्हणून. भर उन्हाळ्यातही कानांवरून रुमाल गुंडाळायचा. रुईची धूळ छातीत बसत गेली. दवाखान्यात ने म्हटलं की भिंतीकडं तोंड करून पडायचा. शेवटची दोन वर्षं द्वारकाबाईनं त्याची पाठच पाहिली. एक दिवस खोकला थांबला.

आता त्याचा चेहरा कुठं असेल तर त्या तुकड्यात. ज्या घटकेनं त्याला संपवलं त्याच घटकेत. त्या संध्याकाळी मैमूनाच्या घरी नकाब निघाल्यावर आपण त्याचं तोंड बघितलं होतं, घामानं भिजलेलं, बावरलेलं, हे तिला पक्कं वाटत होतं. कसं दिसत होतं तेवढं मात्र आठवत नव्हतं. रामकिसनचं तोंड बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, ते मोडून ती निघाली. मैमूना बरोबर आली. इब्राहीमही मागच्या वर्षीच गेला होता.

घरोघरी डिशच्या छत्र्या लागल्या होत्या, रामकिसनचं केबलचं दुकान तो आवरत होता. म्हातारा झाला होता, साखरेच्या दुखण्यानं पाय सुजलेले. द्वारकाबाईला बघून त्यानं खुर्ची पुढं केली आणि खाली बघत राहिला. तिनं त्या कुस्तीची कॅसेट मागितली. कोपऱ्यातल्या गोणीत कॅसेटी होत्या. बहुतेकींना बुरशी लागलेली. उलथापालथ करून त्यानं एक काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली, मशीनमध्ये घातली.

आधी पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसल्या. मग आवाज आला. एक बार, दो बार.

मैमूनानं द्वारकाबाईचा दंड घट्ट धरला. इब्राहीम बोलत होता, तोच घोगरा, हसरा, पान खाल्लेला आवाज, हाक मारली तर ओ देईल असा. मैमूना डोळे मिटून ऐकत होती आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

पडद्यावर काळा नकाब खाली पडला होता. तरण्या पैलवानाचा गुडघा त्याच्या पाठीत. हात मानेमागं गेला, नाडी तुटली, काळं कापड वर उडालं. द्वारकाबाई पुढं झुकली.

धर्मराजनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. कापड निघायच्या आधीच पंजे तिथं होते. तसाच तो गुडघ्यांवर उठला, तसाच दोरांखालून वाकून गेला. दिसली ती पाठ.

"मागं घ्या," ती म्हणाली.

त्यानं मागं घेतलं. पुन्हा पंजे. तिनं परत सांगितलं, त्यानं परत घेतलं, सावकाश करून लावलं. एकेक बोट दिसत होतं, बोटांमधली फटसुद्धा, आणि फटीत काळोख.

"तवाबी चेहरा न्हवताच, वैनी," रामकिसन म्हणाला. "लोकांनी फुटक्या कानावरून वळखला. मी कापणार व्हतो. कारखान्याची माणसं दारात उभी राह्यली, दाखिव न्हाई तर वायरी तोडतो म्हणून..."

ती ऐकत नव्हती. म्हणजे आपण काहीच बघितलं नव्हतं. तो घामेजला चेहरा आपणच मनानं तिथं ठेवला होता, आणि आता तोही गेला.

मैमूनानं भीतभीत विचारलं, ही कॅसेट मला मिळेल का? मशीन तिच्याकडं नव्हतं, पण कोणाकडं तरी मिळेल म्हणाली. रामकिसननं द्वारकाबाईकडं पाहिलं. तिनं मान हलवली, द्या म्हणून.

दोघी मोंढ्याच्या रस्त्यानं निघाल्या. मैमूनानं कॅसेट ओढणीत गुंडाळून छातीशी धरली होती. बरंच अंतर गेल्यावर द्वारकाबाई म्हणाली, "मैमूनाबी, तू तर त्यांला इतकी वर्षं बघितलं. कसे दिसायचे गं?"

मैमूना चालता चालता थांबली. काहीतरी खोटं सांगावं असं तिच्या मनात येऊन गेलं असणार, कारण ओठ हलले.

"पराया मर्द, बाई," ती शेवटी म्हणाली. "मी कधी नजर वर करून बघितलंच न्हाई."

 द्वारकाबाईनं तरी कुठं बघितलं होतं? सासू होती तोवर दिवसा नवऱ्यासमोर मान वर करायची नाही, आणि सासू गेल्यावर ती सवयच झालेली. ताट वाढलं ते हाताकडं बघत, पाणी दिलं ते पायाकडं बघत. बघायला उभा जन्म पडलाय, असं वाटायचं. जिनिंगचा भोंगा झाला, पाळी सुटली, आणि रुईनं पांढरी झालेली माणसं रस्त्यानं येऊ लागली. द्वारकाबाई कडेला उभी राहून एकेकाचं तोंड निरखून बघत राहिली, मैमूना हात धरून ओढेपर्यंत.