आठ नंबरच्या खोक्यातल्या विहिरी

मी एक खोका बोलतोय. काळ्या बुटांचा, आठ नंबरचा. बूट केव्हाच झिजून गेले, मी अजून आहे.

आधी माफी मागतो. खोक्याला हात नसतात, म्हणून मी सांगतो आणि नंदू लिहून घेतो. नंदूची शाळा सातवीनंतर सुटली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील आणि शब्दही साधेच येतील. चुका त्याच्या आणि साधेपणा माझा, असं समजा. पुठ्ठ्याकडून कुणी अलंकार मागत नाही.

माझा जन्म कुर्ल्याचा, पत्र्याच्या शेडमधला. माझा पुठ्ठा रद्दीचा आहे. म्हणजे मागच्या जन्मी मी वर्तमानपत्र असेन, वह्या असेन, एखाद्याची नापासाची मार्कलिस्टही असेन. त्यामुळे अभ्यासाशी माझं नातं तसं जुनं आहे.

मला घरी आणलं मुलुंडच्या गुणाजींनी. ते आधी गिरणीत होते, मग भांडुपच्या एका कंपनीत वॉचमन लागले. ड्यूटीला काळे बूट सक्तीचे होते. बूट त्यांनी पायात घातले आणि मला कपाटावर ठेवलं. कोकणातला माणूस रिकामा खोका फेकत नाही. पुढची चार वर्षं मी काय काय सांभाळलं ते विचारू नका. तुटका चष्मा, दाराची कडी, मागच्या वर्षीच्या राख्या, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या सात किल्ल्या. लागेल कधीतरी, असं म्हणून माणसं ठेवतात आणि लागतं तेव्हा बाजारातून नवीन आणतात.

चौऱ्याऐंशी साली गणपतीनंतर गुणाजींच्या मुलीनं, वनमालेनं, मला खाली उतरवलं. ती घाटकोपरच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. इतिहासाच्या मृणालिनीबाईंनी तिला एक संशोधनाचा निबंध लिहायला सांगितला होता. विषय तिनंच निवडला, आपल्या भागातल्या बुजवलेल्या विहिरी. बाई म्हणाल्या होत्या, "निबंध नीट झाला तर तुझ्या एम.ए.बद्दल मी स्वतः तुझ्या वडिलांशी बोलेन."

ते बोलणं होणं फार गरजेचं होतं. कारण गुणाजींच्या मनात वेगळंच होतं. परीक्षा झाली की टायपिंगचा क्लास आणि मग नोकरी.

"निबंद लिवन काय होतला गो?" ते विचारायचे.

"बघा तुम्ही," वनमाला म्हणायची.

संशोधनाची सुरुवात झकास झाली. पहिले तीन दिवस तिनं वेळापत्रक केलं, चार रंगांत. चौथ्या दिवशी माझ्या झाकणावर 'विहिरी' असं कोरून लिहिलं आणि खाली दुहेरी रेघ मारली. पाचव्या दिवशी घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढल्या, कारण त्यांची पाठ कोरी असते, आणि त्यांच्या पट्टी लावून सारख्या चिठ्ठ्या कापल्या. एवढं झाल्यावर ती दमली आणि अभ्यास पुष्कळ झाला असं वाटून झोपली. विद्यार्थ्यांची ही पद्धतच असावी. मला एकच विद्यार्थी माहीत आहे, म्हणून छातीठोकपणे सांगत नाही.

मात्र उठल्यावर ती खरंच कामाला लागली. म्हाताऱ्या माणसांकडे जायची, बसायची, ऐकायची. घरी येऊन एकेक गोष्ट एकेका चिठ्ठीवर लिहायची आणि माझ्यात टाकायची. चिठ्ठ्या संपल्या की घरी आलेली नवी पत्रिका कापायची. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत माझ्या पोटात दोनशे बारा चिठ्ठ्या झाल्या. कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुठल्या विहिरीवरून कुणाचं भांडण, कुठल्या विहिरीत कासव होतं. मला तर फुगल्यासारखं वाटायचं. त्यांवरून तिनं एक्केचाळीस पानं लिहिली आणि बाईंना दाखवायला नेली.

पानं परत आली ती लाल होऊन. सतरा ठिकाणी बाईंनी एकच वाक्य लिहिलं होतं, 'हे कोणी सांगितलं?' नवव्या पानावर त्याखाली दोन रेघा होत्या. तिथं वनमालेनं लिहिलं होतं की देवळामागची विहीर अठ्ठेचाळीस साली बुजवली आणि एकसष्ट साली तिच्यावर मोठी गर्दी असे. शेवटी लिहिलं होतं, 'दुरुस्त करून शनिवारपर्यंत द्या. नाहीतर स्वीकारता येणार नाही.'

तो दिवस मंगळवार होता.

वनमालेनं मला उघडून सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरल्या. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, एकीवरही नव्हतं. लिहिताना सगळं आठवत होतं ना, मग लिहायचं कशाला? माणसांचा आपल्या आठवणीवर जितका विश्वास असतो, तितका मला माझ्या तळावरही नाही.

बुधवारी दुपारी ती मला काखेत मारून खालच्या लाँड्रीत आली. दुकान रामनाथकाकांचं. साठी उलटलेले, पिढीजात परीट. नंदू त्यांच्याकडे इस्त्रीला. तो आणि वनमाला सातवीपर्यंत एका वर्गात होते. त्यानंतर ती पुढे गेली आणि तो खाली राहिला, म्हणजे तळमजल्यावर. ती दुकानात आली की त्याची इस्त्री उगाचच जोरात चालायची.

"काका, देवळामागची विहीर एकसष्ट साली चालू होती, हे तुम्ही सांगितलंत का?"

"मी? असेल. मी बरंच काय काय सांगतो."

"नीट आठवा ना."

"अगं, कुणी का सांगेना. विहीर होती ना? मग झालं."

"बाईंना झालं नाही," वनमाला म्हणाली. तिनं दोन चिठ्ठ्या हातात धरल्या, एकीवर अठ्ठेचाळीस, दुसरीवर एकसष्ट. "यातली एक फाडून टाकली तर भांडणच मिटेल."

"शर्ट जास्त निघाला म्हणून फाडतो का आपण?"

हे नंदू बोलला. इस्त्रीकडे बघतच बोलला.

रामनाथकाकांनी हातातला कोळशाचा चिमटा खाली ठेवला. "बोलला बघ. महिन्यातनं एकदा बोलतो. तारीख लिहून ठेव, पोरी."

नंदूचे कान लाल झाले, पण तो थांबला नाही. त्यानं तीन पांढरे शर्ट तिच्यापुढे टाकले. "तुझ्या बाबांचा कुठला सांग."

तिनं उलटेपालटे केले. "सगळे सारखेच तर आहेत."

त्यानं एकाची कॉलर आतून उलटली. तिथं बिब्ब्याच्या काळ्या रसानं घातलेली बारीक खूण होती, दोन ठिपके आणि खाली रेघ. "हे गुणाजीकाका. कपडा आला की पहिली खूण, मग धुणं. नंतर घालू म्हटलं की वाट लागली. धुतल्यावर सगळे पांढरेच."

वनमालेनं त्या खुणेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आणि राहिलीच खूण घालायची तर?"

"मग बसायचं. डाग बघायचे, बटणं बघायची, वाससुद्धा घ्यायचा."

दुपारी दुकान दोन तास बंद असे. इस्त्रीच्या टेबलावर माझ्या चिठ्ठ्या पसरल्या गेल्या. नंदू हळू वाचतो, ओळीखाली बोट ठेवून. पण त्यानं एक गोष्ट केली जी वनमालेनं तीन महिन्यांत केली नव्हती. त्यानं चिठ्ठी उलटली.

"ही गुलाबी पत्रिका आपल्या इमारतीतल्या श्यामसुंदरदादाच्या लग्नाची ना? ही तर दिवाळीनंतर वाटली."

"हो, मग?"

"मग हे जे सांगितलंय ते दिवाळीनंतर सांगितलंय. काकांकडे तू कधी आली होतीस?"

"दसऱ्याच्या आधी." वनमालेनं गुलाबी पाठीची एकसष्टवाली चिठ्ठी उचलली. "म्हणजे ही काकांची नाहीच. दिवाळीनंतर मी गेले होते ती सगुणाआजीकडे."

चिठ्ठीला पाठ असते, हे पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत कुणी शिकवत नाही. रामनाथकाका वामकुक्षी सोडून स्टुलावर येऊन बसले होते. "ही कोकमाचा डाग पडलेली सगुणेचीच असणार," त्यांनीही एक चिठ्ठी लावून टाकली. "तिच्याकडे गेलं की अंगावर काहीतरी सांडून घेतल्याशिवाय कुणी परत येत नाही."

गुरुवारी वनमाला मला घेऊन मागच्या चाळीत सगुणाआजीकडे गेली. आजी सुपात तांदूळ निवडत होत्या.

"परत इलंस? म्हणजे पयल्या खेपेक आयकलंच नाय."

"ऐकलं हो, लिहिलं नाही नीट. आजी, देवळामागची विहीर कधी बुजवली?"

"खयची?"

"म्हणजे?"

"अगो, बावी दोन होत्यो. एक बायकांची, एक परटांची. परटांची आधी बुजवली, अठ्ठेचाळीसात. आमची मगे पुष्कळ वर्षां होती. तू खयची ता इचारलंसच नाय."

वनमालेनं मला उघडून दोन्ही चिठ्ठ्या सुपाशेजारी ठेवल्या. दोन विहिरींची तिनं एक करून टाकली होती, आणि एक चिठ्ठी फाडली असती तर एक विहीर दुसऱ्यांदा बुजली असती.

गुरुवार-शुक्रवार नंदूनं दुपारचं जेवण उभ्यानं केलं. प्रत्येक सांगणाऱ्याला त्यानं एक खूण दिली आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यात घातली. आजींची अर्धगोल, काकांचा त्रिकोण. खुणेशेजारी वनमाला नाव, तारीख, जागा लिहायची. तरी एकतीस चिठ्ठ्या बेवारशी राहिल्या. त्यांतच कासववाली होती.

"कासव राहू दे ना रे," वनमाला म्हणाली. "किती छान आहे ते."

"कुणाचं आहे?"

"माहीत नाही."

"मग कसं घालणार? दुसऱ्याचा चांगला शर्ट अंगावर बसला म्हणून आपला होतो का?"

"तू ना, शाळेतच बरा होतास. तेव्हा बोलत नव्हतास."

कासव बाकीच्या बेवारशी चिठ्ठ्यांबरोबर एका वेगळ्या पाकिटात गेलं. एक्केचाळीस पानांची तेवीस झाली. शनिवारी निबंध दिला गेला.

सोमवारी बाईंनी तिला बोलावलं. मी पिशवीत होतो. बाईंनी नववं पान उघडलं आणि विचारलं, "हे कोणी सांगितलं?"

वनमालेनं माझं झाकण काढलं. चिठ्ठी सापडायला तिला चार श्वासही लागले नाहीत. "सगुणाआजी. वय शहात्तर. सहा डिसेंबर, दुपारी, त्यांच्या घरी. तांदूळ निवडताना."

"आणि हा कोपऱ्यातला अर्धगोल?"

"ती त्यांची खूण. प्रत्येकाला एक दिली आहे."

बाईंनी आणखी पाच-सहा चिठ्ठ्या काढून पाहिल्या. उलटून पाहिल्या. "चांगली पद्धत आहे. कुठल्या पुस्तकात मिळाली?"

"पुस्तकात नाही, बाई. आमच्या लाँड्रीत."

मला वाटलं, बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी शेवटच्या पानावरची माहिती देणाऱ्यांची यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, "मग ही पद्धत देणाऱ्याचं नाव इथे नाही. हे तुला कोणी सांगितलं?"

"नंदूनं," वनमाला म्हणाली.

"नाव घालून उद्या दे, मग घेते निबंध," बाई म्हणाल्या. पुढे म्हणाल्या, "आणि तुझे वडील घरी कधी असतात तेही विचारून ये."

संध्याकाळी ती सरळ दुकानात आली. "नंदू, तुझं पूर्ण नाव काय?"

"कशाला?" रामनाथकाकांनी विचारलं. "पोलिसांत देतेस का त्याला?"

"यादीत घालायचंय. पद्धत त्याची आहे."

नंदूनं इस्त्री उभी करून ठेवली. एवढी वर्षं ती त्याला नंदू म्हणत होती, आख्खी इमारत नंदू म्हणत होती. "नंदकुमार लहू घाडी," तो म्हणाला, आणि ती लिहीत असताना कागदाकडे बघत राहिला. "शाळेच्या दाखल्यानंतर कुणी पूर्ण लिहिलं नव्हतं."

गुणाजींना तिनं रात्री जेवताना विचारलं. त्यांनी आधी भात कालवला. मग म्हणाले, "बाईंका सांग, आयतवारी माझी डुटी नसता."

पण त्याआधी, दुकानातून निघताना, तिनं मला रिकामं करून टेबलावर ठेवलं होतं. आत फक्त उरलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या होत्या. "काकांच्या या खुणा कुणी लिहून ठेवल्यात?" तिनं नंदूला विचारलं.

"कुणी नाही. सगळं त्यांच्या डोक्यात."

"विहिरीही डोक्यातच होत्या," ती म्हणाली आणि गेली.

तेव्हापासून मी लाँड्रीत आहे. कोळशाच्या धगीनं एक बाजू जरा वाकली आहे, झाकण सैल झालं आहे, पण पोट पुन्हा भरत चाललं आहे. तुमच्याही कपाटावर माझ्यासारखा कुणी असेल, सात किल्ल्या घेऊन बसलेला. त्याला खाली घ्या. चिठ्ठ्या सारख्या कापल्या नाहीत तरी चालेल, झाकणावर दुहेरी रेघ नसली तरी चालेल. कोपरा मात्र कोरा सोडू नका.

राहिली दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. नंदूनं रोजच्यापेक्षा लवकर फळी उघडली. कोळसे पेटवले नाहीत. मला घेऊन पायरीवर रामनाथकाकांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "काका, सगळ्यात जुनी खूण कुणाची?"

"सांगतो की. ती ना..."

"थांबा," नंदू म्हणाला. त्यानं एक कोरी चिठ्ठी काढली, आधी मागची बाजू बघून घेतली, आणि कोपऱ्यात सावकाश लिहिलं, 'रामनाथ परीट. दुकानाची पायरी. ११ डिसेंबर, सकाळ.' मग मान वर केली.

"हं. आता सांगा."