मोरपंखी साडी

एप्रिलमध्ये भाग्यश्री भाचीच्या लग्नाला पाच दिवस गावी जाऊन आली आणि तेवढ्यात दुकानातला मोठा प्रिंटर रुसून बसला. बिबवेवाडीतल्या त्या गाळ्यात ती आयटी कंपन्यांची पोस्टरं छापायची. मशीन रोज चालतं राहिलं तर ठीक, नाहीतर उन्हाळ्यात शाई आतल्या आत वाळायची. ती परतली, नेमके त्याच सकाळी नागोराव आले.

नागोराव मूळचे नांदेडकडचे. कारखान्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले, कात्रजला राहणारे. पत्नी चंद्रभागा गेल्याला येत्या रविवारी वर्ष होत होतं. घरी बुद्धवंदना ठेवली होती आणि त्यासाठी त्यांना तिचा दोन हात उंचीचा फोटो हवा होता. आणलेला फोटो मात्र पोस्टकार्डाएवढा. एक्क्याण्णव साली स्वतःचं घर झालं, त्या दिवशी दारात उभं करून काढलेला. धड असा तेवढा एकच होता.

भाग्यश्रीनं तो स्कॅन करून छापायला लावला. कागद बाहेर येऊ लागला तशी ती चरकली. चंद्रभागाबाईंचा चेहरा हिरवट, आजारी माणसासारखा, त्यावर आडव्या पांढऱ्या रेघा. नागोरावांनी मान वळवली. शेवटच्या महिन्यात ती अशीच दिसायची, एवढंच म्हणाले.

तिनं कागद पटकन उलटा टाकला आणि माफी मागितली. मग मशीनची तपासणीची पट्टी छापून पाहिली. गुलाबी शाईच्या रेषा जागोजागी तुटलेल्या. शाई सोडणारं हेड दोनदा साफ केलं, अर्धा तास मशीन तसंच ठेवून शाई सुटू दिली, पुन्हा एकदा साफ केलं. आता सगळ्या रेषा सलग आल्या. दुसरी प्रिंट तिनं मूळ फोटोशेजारी धरली. काडीचा फरक नव्हता. तिला हायसं वाटलं.

नागोराव बराच वेळ बघत राहिले.

"फोटो बरोबर आलाय, ताई," ते संकोचून म्हणाले. "पण ती नाही आली."

भाग्यश्रीला जरा रागच आला. मग तिनं फोटो पुन्हा नीट पाहिला. वर्षानुवर्षं तो घरी खिडकीसमोर टांगलेला होता, असं नागोरावांनी सांगितलं. त्यातला निळा रंग उडून गेला होता. साडी राखट आणि चेहरा विटकरी झाला होता, आणि तिनं तेच इमानेइतबारे मोठं करून ठेवलं होतं. साडी कोणत्या रंगाची होती, तिनं विचारलं. मोरपंखी, ते म्हणाले. तिनं पडद्यावर मोरपंखीच्या आठ-दहा छटा दाखवल्या. त्यांनी आधी एकीवर बोट ठेवलं, मग दुसरीवर, मग हात मागे घेतला. उद्या येतो म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी पिशवीतून त्यांनी गोधडी काढली. ती साडी फाटल्यावर चंद्रभागेनं तिचे तुकडे या गोधडीला लावले होते. पण धुऊन धुऊन तेही पांढुरके पडले होते. याचा काही उपयोग नाही, हे त्यांना कसं सांगावं, याचा भाग्यश्री विचार करत होती. तेवढ्यात त्यांनी कात्री मागितली. एका तुकड्याची कड शोधून त्यांनी हलक्या हातानं चार टाके उसवले आणि आतली दुमड उलटी केली. तिथे ऊनही पोचलं नव्हतं आणि साबणही. बोटभर मोरपंखी जशीच्या तशी होती.

मग भाग्यश्री हट्टालाच पेटली. रंग जुळवायला छापलेली पहिली पट्टी फार निळी आली, दुसरी हिरवी. प्रत्येक पट्टी ती दारातल्या उजेडात नेऊन दुमडीशेजारी धरायची. पाचवी जुळली. साडीतला निळा भरून आला तसा चेहऱ्यावरचा विटकरी रंगही आपोआप उतरला आणि खालून तकतकीत सावळा वर्ण दिसू लागला. गिऱ्हाइकं चेहरा उजळ करून मागतात, म्हणून तिनं तसं करू का विचारलं. नागोरावांनी नको म्हणून हात हलवला.

मोठी प्रिंट खालपर्यंत उतरली. नागोराव उभे राहिले, चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"आता आली," ते म्हणाले.

प्रिंटवर पंखा लावला तरी शाई वाळेपर्यंत थांबावं लागणार होतं. त्यांनी सुई-दोरा आहे का विचारलं. भाग्यश्रीनं शेजारच्या शिंप्याकडून आणला, सुईत दोरा ओवून दिला. स्टुलावर बसून, गोधडी मांडीवर घेऊन ते उसवलेले टाके घालू लागले. चंद्रभागेचे टाके तांदळाएवढे होते, त्यांचे चांगले पेरभर लांब. भाग्यश्रीनं पंखा प्रिंटवरून काढून त्यांच्याकडे वळवला आणि शेवटचा टाका होईपर्यंत दुसरं काम हातात घेतलं नाही.