धाप

वृषालीला सावकाश पळताच येत नव्हतं. अंथुर्ण्याची ही पोरगी पाच हजार मीटरला जिल्ह्यात दुसरी आली होती, पण ते मैदानावर, चारचौघींच्या बरोबरीनं. २०२१च्या एप्रिलात पुन्हा लॉकडाऊन लागला, बारामतीचं मैदान बंद झालं आणि ती शेतामागच्या कालव्याच्या रस्त्यावर एकटी पळू लागली. गावात रोज कुणीतरी आजारी पडत होतं, घरात सगळे तेवढंच बोलायचे. ते मागं टाकायचं म्हणून ती सुसाट सुटायची, आणि तिसऱ्या किलोमीटरला पोटात कळ येऊन बांधावर बसायची. पुढं नडगीही ठणकायला लागली.

तिचे प्रशिक्षक वसंत सर बारामतीत राहायचे. शाळेतून निवृत्त झालेले. मुलगा अनिमेष नाशिकला नोकरीला, घरात ते आणि मंदाकिनीकाकू दोघंच. नडगीचं ऐकून ते फोनवरच चिडले.

"आठवड्यातले चार दिवस हळू पळायचं सांगितलं होतं ना? तू रोज शर्यत लावतेस. कुणाशी?"

"हळू म्हंजी किती हळू, सर? मला कळतच न्हाय."

"उद्या पळताना मला फोन लाव. हेडफोन घाल आणि बोलत राहा. वाक्य मधे तुटलं, की वेग जास्त झाला."

दुसऱ्या दिवशी फटफटताना तिनं फोन लावला. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून घरचंच सांगत सुटली. बाजार बंद, वडिलांनी, म्हणजे आबांनी, ढोबळी मिरचीचा सगळा तोडा गुरांपुढं ओतला, शेजारचे म्हस्कूतात्या दवाखान्यात, फोनवर वाक्यावाक्याला धापा टाकतात.

"तुटलं," सर म्हणाले. "कमी कर. अजून कमी."

एका सकाळी दुधाची किटली लावलेला सायकलवाला म्हातारा तिला मागं टाकून गेला. तिला लाज वाटली. "जाऊ दे त्याला," सर हसले, "त्याला दूध घालायचंय. तुला काय घाई आहे?" तिसऱ्या आठवड्यात ती न थांबता दहा किलोमीटर बोलत पळाली. ठणका गेला. पळून आल्यावर भूक लागायला लागली.

मे महिन्यात एका शनिवारी सरांचंच वाक्य तुटलं. गच्चीवर फेऱ्या मारत असतील, असं तिला वाटलं. रविवारी ते मधेच खोकले.

"सर, बरं हाय ना?"

"घसा धरलाय. तू पळ."

त्या दिवशी तिनं बारा किलोमीटर केले. सोमवारी सर दर तीन शब्दांना थांबत होते. तशी धाप तिनं म्हस्कूतात्यांची ऐकली होती. तिला कळलं होतं. पण पाय हलके पडत होते, सकाळ गार होती. विचारलं तर हे सगळं थांबेल, या भीतीनं तिनं विचारलं नाही. ती मिरचीबद्दलच बोलत राहिली.

मंगळवारी फोन कुणी उचलला नाही. बुधवारी अनिमेषनं फोनवर सांगितलं, ऑक्सिजन अठ्ठ्याहत्तरवर आलाय, चार दवाखाने फिरल्यावर इंदापुरात बेड मिळालाय. नवव्या दिवशी सर गेले. घरच्यांना चेहरासुद्धा दिसला नाही.

तेराव्यानंतर काकूंचा फोन आला.

"रोज तुझ्याशी बोलायचे गं. तुला काही जाणवलं होतं का?"

फोन स्पीकरवर होता, समोर आबा बसले होते. त्यांनी हातानंच 'न्हाय म्हण' अशी खूण केली. खोटं बोलणं सोपं होतं.

"व्हय, काकू," वृषाली म्हणाली. "तीन दिवस."

"मला म्हणायचे, वृषालीला सांगू नकोस. तिचं पळणं आत्ता कुठं बसलंय, पळायची थांबेल. दवाखान्यात चला म्हटलं, तर म्हणायचे, उद्या जाऊ. मी त्यांचं ऐकलं." काकूंनी श्वास घेतला. "तूपण ऐकलंस."

आणि त्यांनी फोन ठेवला.

"कशाला खरं बोलायचं?" आबा म्हणाले. "त्येनं काय मानूस माघारी येतंय?"

वृषाली दीड महिना पळाली नाही. मिरचीच्या रानात आईबरोबर खुरपत राहिली. कुणी काही विचारलं, की एका शब्दात सांगायची.

एसटी सुरू झाल्यावर ती बारामतीला गेली. सरांच्या दाराला कुलूप होतं. शेजारची बाई म्हणाली, अनिमेष येऊन आईला घेऊन गेला, घर विकायला काढलंय.

"काही निरोप ठेवलाय का माझ्यासाठी?"

"तू कोण?"

तिनं नाव सांगितलं. बाईनं मान हलवली. नाव तिला ओळखीचं नव्हतं.